घाटात काटा चढतो, गावात ठीक: हेड उतरवण्याआधी घरी काय तपासाल?

कऱ्हाकाठ

मंडळी, गाडी २०१४ ची, पेट्रोल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. हडपसरच्या गर्दीत तासभर रांगत असली तरी तापमानाचा काटा जागचा हलत नाही. पण साताऱ्याकडे निघालं की खंबाटकीच्या चढाला, एसी चालू असेल तर, अर्ध्या घाटातच काटा वर सरकायला लागतो. एसी बंद केला आणि माथा ओलांडला की मुकाट खाली येतो. रेडिएटरच्या जादा बाटलीतलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाण्याचं मिश्रण) दोन-तीन आठवड्यांत 'मिन'च्या खुणेखाली जातं. पार्किंगमध्ये फरशीवर मात्र थेंब नाही.

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, ऑइलचं टोपण काढलं, आत थोडा पांढरट फेस दिसला आणि निकाल दिला, "मॅडम, हेड गॅसकेट गेलंय. हेड उतरवावं लागेल." (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, गॅसकेट म्हणजे तो आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील.) आकडा तीस हजारांच्या घरातला.

त्याचं खरं असेलही. पण एकदा हेड उतरवलं की माघार नाही. मला पाना-पक्कड धरता येते, अंगाला ग्रीस लागलं तर रडू येत नाही. हेडला हात लावण्याआधी घरी काय काय तपासता येईल, आणि कुठल्या क्रमाने?

---

बिनपगारी_वकील

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. आता दहा जण दहा वेगवेगळे पार्ट बदलायला सांगतील.

---

डेपोकाका

गाडी तापते एवढ्यावरून काही कळत नाही, कधी तापते ते विचारायचं. ते तुम्ही आपणहून लिहिलंत, म्हणजे निम्मं काम झालं.

सिग्नलला उभी असताना तापते आणि हायवेला लागली की उतरते, तर पंख्याकडे बघा. फ्यूज, रिले, मोटर किंवा सेन्सर. ऐंशीच्या वेगात समोरचा वारा पंख्याचं काम उरकतो, म्हणून दोष लपतो. तुमचं नेमकं उलटं आहे. गर्दीत ठीक, म्हणजे पंखा शाबूत. चढाला एसी टाकून इंजिन सगळ्यात जास्त उष्णता सोडतं, तेव्हा ती बाहेर फेकायची ताकद कमी पडतेय. रेडिएटर आतून चोंदला असेल किंवा बाहेरून मातीने भरला असेल, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरकडचा रस्ता उघडणारी झडप) अर्धाच उघडत असेल, पाण्याच्या पंपाची पाती झिजली असतील, किंवा रेडिएटरचं टोपण प्रेशर धरत नसेल. गॅसकेटही यादीत आहे, पण शेवटी.

आता फेस. पावसाळ्यात रोज चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या टोपणाखाली पांढरा फेस येतोच. इंजिन नीट तापत नाही, आतला दमटपणा थंड टोपणाला जमतो. डिपस्टिक काढून बघा. तिच्यावर ऑइल स्वच्छ असेल, पातळी वाढलेली नसेल, तर त्या फेसावरून हेड उतरवणारा माणूस घाईत आहे असं समजा.

गॅसकेटची घरगुती परीक्षा सांगतो. सकाळी, रात्रभर उभ्या गाडीवर:

रेडिएटरचं टोपण उघडताना 'फुस्स' झालं का? रात्रभर थंड होऊनही प्रेशर शिल्लक असेल तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय असा संशय घ्यायचा. टोपण काढून पाणी गळ्यापर्यंत भरायचं आणि स्टार्ट करायचं. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे सुटतात, ती अडकलेली हवा. पण एकसारखे येतच राहिले, रेस केल्यावर वाढले, वास सायलेन्सरसारखा आला, तर गॅसकेट. पाणी तापून वर चढायला लागायच्या आत बंद करायची. नंतर टोपण लावून पुन्हा स्टार्ट करा आणि वरचा होज, म्हणजे रेडिएटरची रबरी नळी, दाबून बघा. इंजिन अजून कोमट आणि होज दगडासारखा कडक, हेही त्याचंच लक्षण.

आणि कृपा करून गरम गाडीचं टोपण कोणी उघडू नका. फडकं धरूनही नाही. वरचा होज हाताला गार आणि मऊ लागेपर्यंत थांबायचं. डेपोत मी भाजलेले हात पाहिलेत.

---

अजिंक्यतारा

काका, इतकं कशाला? थर्मोस्टॅट काढून फेका. आमच्याकडं सगळे वडापवाले तेच करतात. गाडी बर्फासारखी थंड चालते.

---

डेपोकाका

@अजिंक्यतारा, थंड चालते हेच तर दुखणं. इंजिन ठरलेल्या तापमानाला पोचलं नाही की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज पडतं, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं. आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना मागची चकती बायपासचा रस्ता बंद करते. तो काढला की बायपास कायमचा उघडा, पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच गोल फिरतं. मग घाटात आणखी तापते. थर्मोस्टॅट काही शे रुपयांना मिळतो. नवा टाका, पण टाका.

---

मीनल_के

थर्मोस्टॅट घरी तपासणं सोपं आहे. दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात लटकवायचा, बुडाला टेकू द्यायचा नाही, नाहीतर बुडाच्याच उष्णतेने उघडतो. शेजारी थर्मामीटर. त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो, त्याच्या आसपास उघडायला सुरुवात झाली पाहिजे, आणि पाणी उकळेपर्यंत सात-आठ मिलिमीटर तरी उघडला पाहिजे. पातेलं भंगारातलं घ्या. कूलंट विषारी असतं, त्यात परत चहा नको.

---

बिनपगारी_वकील

आमच्या घरी भंगारातलं पातेलं असं काही नसतं. प्रत्येक पातेलं आजीच्या लग्नातलं असतं.

---

बिट_बाइट

काट्यावर भरवसा ठेवू नका. बहुतेक गाड्यांत काटा मुद्दाम सुस्त केलेला असतो, साधारण ७५ पासून शंभरच्या पुढेपर्यंत मध्यावरच बसतो, म्हणजे मालकाला घोर नको. तो हलायला लागला तेव्हा बराच उशीर झालेला असतो. बऱ्याच नव्या गाड्यांत तर काटाही काढून टाकलाय, थंड असताना निळा दिवा आणि तापल्यावर लाल, मधलं काही नाही.

गाडीच्या संगणकातले आकडे मोबाइलवर दाखवणारा ईएलएम ३२७ चा ब्लूटूथ डोंगल हजाराच्या आत येतो. स्टिअरिंगच्या खाली तो लावायचं ओबीडीचं सॉकेट असतं, २०१४ च्या गाडीला असणारच. मोबाइलवर फुकटचं ॲप टाका, 'कूलंट टेम्परेचर' लावा, घाट चढा. मोबाइल शेजारच्याच्या हातात. गर्दीत, सपाट हायवेला आणि चढाला, तिन्ही ठिकाणचे आकडे इथे टाका. मग बोलू.

एक धोका मात्र लक्षात असू द्या. पाणी फार कमी झालं की सेन्सर वाफेत किंवा हवेत उघडा पडतो आणि आकडा एकदम खाली येतो. बघणाऱ्याला वाटतं गाडी थंड झाली, आणि इंजिन तिकडे भाजत असतं. तापलेली गाडी अचानक 'बरी' झाली तर आधी बाजूला घ्या.

---

शेवंता_अंबोली

काटा चढला की हीटर पूर्ण गरमवर आणि फुल पंख्यावर टाका. मे महिन्यात आंबोली चढताना अंगाची भाजी होते पण गाडी वाचते. हीटरचा कोअर म्हणजे छोटा रेडिएटरच. काच खाली करा, पोरांना आइस्क्रीमचं आमिष दाखवा आणि चढा.

---

अजिंक्यतारा

आणि गाडी बंद करू नका! तापलेली गाडी बंद केली की जागेवर हेड बसतं. आमचे वडील सांगायचे, न्यूट्रलला टाकून चालू ठेवायची.

---

बिट_बाइट

हे अर्धं खरं आणि म्हणून घातक. पाणी जागेवर आहे, पंप फिरतोय, पंखा चालतोय, काटा नुकताच चढतोय, तर चालू ठेवून फायदा आहे. पण बॉनेटमधून वाफ येतेय, होज फुटलाय, पंपाचा बेल्ट तुटलाय किंवा लाल दिवा लागलाय, तर चालू इंजिनात फिरायला पाणीच नाही. तेव्हा ताबडतोब बंद.

---

डेपोकाका

वडिलांचंही त्यांच्या जागी बरोबर होतं. तेव्हाच्या गाड्यांत पंखा बेल्टवर असायचा, इंजिन बंद तर पंखा बंद. आता पंखा विजेवर आहे, पुष्कळ गाड्यांत चावी काढली तरी थोडा वेळ फिरतो. म्हणूनच बॉनेटखाली हात घालताना इंजिन बंद आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही. पंखा आपणहून सुरू होतो.

तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतायचं नाही, हेही सांगून ठेवतो. ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, मग लेथवाल्याकडे फेसिंग, म्हणजे घासून सपाट करणं.

---

स्नोशूवाला

मिनेसोटातून नमस्कार. इकडे उलटी चिंता, उणे ३० ला पाणी गोठून ब्लॉक फुटू नये. अर्धं कूलंट अर्धं पाणी हे मिश्रण साधारण उणे ३७ पर्यंत गोठत नाही. भारतात लोक म्हणतात, आम्हाला बर्फ कुठे, साधं पाणी चालतं. पण तेच मिश्रण उकळतंही उशिरा, साध्या पाण्यापेक्षा सहा-सात अंश वर, आणि गंज धरू देत नाही.

खरी कमाल रेडिएटरच्या टोपणाची. कुकरच्या शिट्टीसारखं ते प्रेशर धरतं, त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तेवढ्या बारला उघडतं. त्या प्रेशरमुळे हेच मिश्रण सव्वाशेच्या पुढे गेल्यावर उकळतं. रबर फाटलं की सगळा फायदा गेला. घाटात हे जास्त जाणवतं, कारण चढावर उष्णता वाढते आणि उंचीमुळे उकळबिंदू उतरतो. महाबळेश्वरला साधं पाणी ९५-९६ लाच उकळतं.

इकडे सुट्या भागांची दुकानं अनामत ठेवून प्रेशर टेस्टर वापरायला देतात. थंड गाडीला लावायचा, टोपणावरच्या आकड्याइतकं प्रेशर भरायचं आणि पंधरा मिनिटं बघत बसायचं. काटा उतरला तर गळती आहे. तुमच्याकडे रेडिएटर दुरुस्तीच्या दुकानात हा पंप असतो, विचारून बघा.

---

कऱ्हाकाठ

सगळ्यांचे आभार. शनिवार-रविवार सत्कारणी लावला.

डिपस्टिक स्वच्छ, पातळी जिथल्या तिथे. सकाळी टोपण उघडताना फुस्स नाही. बुडबुडे सुरुवातीला आले, मग थांबले. होज कोमट असताना मऊ.

डोंगल घेतला. हडपसरला ९२ ते ९७, पंखा ९७ ला लागतो आणि ९२ ला थांबतो, घड्याळ लावावं तसा. सपाट हायवेला ९० च्या आसपास. खंबाटकीत एसी टाकून १०८, तिथे मी हिंमत सोडली आणि एसी बंद केला. काटा त्या वेळी जेमतेम बोटभर वर होता!

मजेची गोष्ट म्हणजे बाटली 'मिन'वर होती, पण थंड असताना रेडिएटरचा गळा उघडला तर आतही पाणी दोन बोटं खाली. टोपणाचं खालचं रबर एका बाजूला चिरलेलं, कडक झालेलं. बाटलीच्या वरच्या नळीच्या तोंडाशी आणि मडगार्डच्या आतल्या बाजूला गुलाबी-पांढरे वाळके ओघळ आहेत. फोटो टाकायचा प्रयत्न केला, चढत नाहीये.

---

डेपोकाका

ओघळ सापडले ना? मग पाणी पार्किंगमध्ये गळतच नाही, घाटात बाटलीवाटे बाहेर पडतं. टोपण प्रेशर धरत नाही, पाणी लवकर बाटलीत ढकललं जातं, बाटली भरून वाहते. थंड झाल्यावर टोपणातल्या छोट्या झडपेने ते परत ओढून घ्यायचं असतं, तेही होत नाही, म्हणून गळा रिकामा. टोपण बदला, त्याच आकड्याचं. जास्त आकड्याचं लावून शहाणपणा करू नका, जुन्या रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीची शिवण उसवते.

पण १०८ चं उत्तर टोपणात नाही. टोपण खराब असेल तर पाणी लवकर उकळतं आणि बाहेर जातं. गळा भरून ठेवूनही आकडा तितकाच चढतो का, ते बघा. पाणी भरताना हीटर गरमवर, गाडीचं नाक चढाकडे, टोपण उघडं ठेवून हवा निघू द्या. हवा अडकली तरी तापते.

---

टीडीएस_नागपूर

सेकंडहँड म्हणालात. आधीच्या मालकाने बोअरचं पाणी घातलं असणार. विदर्भात, मराठवाड्यात बोअरच्या पाण्याने गीझरची कॉइल पांढरी होते, तेच रेडिएटरच्या नळ्यांत होतं. बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी आणा, ते स्वस्त आहे. नाहीतर सरळ तयार मिश्रण घ्या. आणि हो, रंग बघून कूलंट मिसळू नका. हिरवं, लाल, गुलाबी हा काही प्रमाण मानलेला संकेत नाही, कंपनीगणिक बदलतो. न जुळणारी रसायनं एकत्र आली की गाळ होतो.

---

अजिंक्यतारा

गळतीला एक चमचा हळद. रामबाण. ट्रकवाल्यांना विचारा.

---

मीनल_के

हळद, अंड्याचा पांढरा बलक, गळती थांबवायची पावडर, सगळ्यांचं एकच. बारीक भोक बुजतं आणि सोबत हीटरच्या कोअरच्या बारीक नळ्याही बुजतात. आडरानात रात्री अडकलात तर ठीक. घरी परतल्यावर पूर्ण धुऊन काढायचं.

---

शेवंता_अंबोली

@मीनल_के, म्हणजे रेडिएटरचं हळदीकुंकू करून लगेच पाठवणी.

---

भूभू_मावशी

अवांतर वाटेल, पण लिहितेच. काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि किडनी निकामी होऊन मरतात. थोडंसंही पुरतं. बाटलीत भरा, वर 'विष' असं ठळक लिहा, लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका आणि गॅरेजला द्या. पार्किंगमध्ये सांडलं तर भरपूर पाण्याने धुवा.

---

बिट_बाइट

@कऱ्हाकाठ, इन्फ्रारेड थर्मामीटर मिळाला तर रेडिएटर तपासता येईल. इंजिन पूर्ण तापवून बंद करा आणि पंख्याच्या बाजूने जाळीवर जिथे जिथे नेम बसेल तिथले आकडे घ्या. गरम पाणी आत शिरतं तिथून बाहेर पडतं तिथपर्यंत तापमान हळूहळू उतरलं पाहिजे. मध्येच थंड पट्टे सापडले तर त्या नळ्यांतून पाणी जात नाही. चकचकीत ॲल्युमिनियमवर ही बंदूक कमी आकडा दाखवते, म्हणून जमेल तिथे काळी चिकटपट्टी लावून मोजा.

---

बिनपगारी_वकील

कोविडात घेतलेली कपाळाची बंदूक चालेल का? सोसायटीच्या गेटवर धूळ खात पडलीय.

---

बिट_बाइट

ती बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जात नाही. 'हाय' दाखवून बीप करेल आणि वॉचमन गाडीला आत सोडणार नाही.

---

स्नोशूवाला

बाहेरची बाजूही बघा. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत किडे, पाचोळा, धूळ यांची चटई होते. समोरून दिसत नाही. टॉर्च लावून वरून डोकवायचं. पाणी मारायचं तर आतून बाहेर, आणि कमी दाबाने. वॉशिंग सेंटरची बंदूक जवळून मारली की जाळीचे बारीक पत्रे आडवे पडतात.

---

पहिलटकर

मधेच घुसतोय. माझ्या गाडीत डावीकडे पायाखालचं मॅट ओलं होतं. कूलंट की एसीचं पाणी?

---

मीनल_के

टिश्यू टेकवून बघा. एसीचं पाणी रंगहीन, बिनवासाचं. कूलंट चिकट, रंगीत, गोडसर वासाचं, आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरतं. पहिलं असेल तर एसीची ड्रेन नळी तुंबलीय. दुसरं असेल तर हीटर कोअर, आणि देव तुमचं भलं करो, कारण तिथे पोचायला पुष्कळ गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

---

कऱ्हाकाठ

ताजी खबर. नवं टोपण लावलं, हवा काढली, गळा भरला. गेल्या रविवारी परत खंबाटकी. आता पाणी बाहेर येत नाही, ओघळ पुसले होते ते परत आले नाहीत. पण आकडा १०६. म्हणजे काकांचं म्हणणं खरं, टोपण वेगळं आणि तापणं वेगळं.

थर्मोस्टॅट पातेल्यात घातला, पूर्ण उघडतो. मग भावाच्या कारखान्यातली बंदूक आणली. वरच्या होजजवळ ८७, तिथून जेमतेम वीतभर अंतरावर सलग एक पट्टा ५० च्या खाली, आणि त्याच्या पलीकडे परत ७०. चिकटपट्टी लावूनच मोजलं, त्यामुळे चमकेचा दोष नाही.

रेडिएटर उतरवून दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने पाण्याचा पाइप लावून दाखवला, एका बाजूच्या नळ्यांतून धार नाही, नुसते थेंब. आत खडूसारखा पांढरा थर. प्लास्टिकच्या टाक्यांचा रेडिएटर उघडून साफ करणं परवडत नाही म्हणाला, नवा कोअर आणि टाकी सकट सगळं बसवलं. टोपण, थर्मोस्टॅटचं नवं ओरिंग, कूलंट, सगळं धरून गॅरेजच्या आकड्याच्या चौथाईपेक्षा कमी. काल खंबाटकी, एसी चालू, तीन मोठी माणसं आणि सामान: सर्वात जास्त ९८.

---

डेपोकाका

छान. दोन-तीनदा थंड झाल्यावर गळा आणि बाटली बघत राहा, अडकलेली हवा हळूहळू निघते. पंपाच्या खालच्या बारीक भोकापाशीही बोट फिरवून बघा. तिथे ओल किंवा वाळका रंग दिसला तर पंपाचं सील सुटतंय. रेडिएटर इतका चोंदलाय म्हणजे तो गाळ पंपातूनही फिरलेला आहे.

---

टीडीएस_नागपूर

गॅसकेटची कायमची शंका फेडायची तर निळ्या द्रवाचं किट मिळतं. रेडिएटरच्या तोंडाशी धरून वरची हवा त्यातून ओढायची, कार्बन डायऑक्साइड असेल तर निळ्याचं पिवळं होतं. तुमच्या गाडीला आता गरज नाही, पण धागा पुढे कोणी वाचेल म्हणून.

---

अजिंक्यतारा

ताई, जुना थर्मोस्टॅट ठेवलात की काढलात?

---

कऱ्हाकाठ

तोच परत बसवला. चांगला होता.

---

पहिलटकर

टिश्यू रंगहीन, ड्रेन नळीच होती! तारेने मोकळी केली. आता दुसरा प्रश्न, माझी बीएस ६ डिझेल आहे, डीपीएफचा (काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागतो तेव्हा पंखा जोरात फिरतो, ते तापण्याचंच लक्षण का?

---

मीनल_के

नाही, बहुतेक रीजनरेशन, म्हणजे फिल्टरची सफाई, चालू असेल. काजळी जाळताना सायलेन्सरकडची उष्णता वाढते, म्हणून ईसीयू पंखा पळवतो. त्यावर वेगळा धागा काढा, इथे पंचवीस जण वाट बघत असतील.